अजीज मास्तरांचं राष्ट्रीयत्व

अजीज मास्तरांना हवा होता एक ओळीचा दाखला. 'सदर इसम येथील रहिवासी आहे', एवढंच. हेडमास्तरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं, "मास्तर, तुमची जागा तुमचीच आहे. तीन वर्षं आम्ही ती राखली. फक्त तुम्ही परदेशातून आलात, तेव्हा कचेरीतून एक ओळ लिहून आणा. औपचारिकता हो. दुपारच्या सुट्टीत होऊन जाईल."

मास्तरांनी ते खरं मानलं. एक ओळ म्हणजे काय! फारसीच्या जुन्या पोथ्यांतल्या दोन-दोन पानं चालणाऱ्या ओळी ज्याने तेहरानात बसून उलगडल्या, त्याला ही एक ओळ काय जड होती? केडगावातल्या आपल्या दोन खोल्यांतून त्यांनी सायकल काढली, आई इमामबीला सांगितलं, "अम्मा, जेवायला येतो," आणि नगरची वाट धरली. ते जेवायला आले ते दिवेलागणीला. त्यानंतरचा महिना तर मास्तरांना घरात जेवणाची वेळ अशी उरलीच नाही.

मास्तर मूळचे पारनेरचे. बाबाजान अत्ताराचे धाकटे चिरंजीव. बाबाजान गावोगावच्या बाजारात सुरमा, अत्तर आणि उदबत्त्या विकायचे. मुलगा शिकला, पुण्याला जाऊन फारसी घेऊन एम.ए. झाला, नगरच्या हायस्कुलात लागला आणि युद्ध संपता संपता शिष्यवृत्ती मिळवून तेहरानला गेला. पंचेचाळीस सालची गोष्ट.

आता माणूस कोण, हे तो कुठे उभा आहे त्यावर ठरतं. पारनेरात मास्तर 'अत्ताराचं पोर' होते. पुण्यात गेले तर 'नगरचे' झाले. मुंबईत गोदीवर हमालाने त्यांना 'घाटी' म्हटलं. आणि तेहरानात उतरल्यावर पहिल्याच दिवशी घरमालकीण बाईंनी त्यांना हाक मारली, "आगाये हिंदी," म्हणजे हिंदुस्थानी गृहस्थ. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना अख्ख्या देशाच्या नावाने बोलावलं. मास्तरांची छाती दोन बोटं रुंद झाली, ती तीन वर्षं तशीच राहिली.

तसं राहणं सोपं नव्हतं. अख्ख्या हिंदुस्थानची जबाबदारी एकट्यावर आली. तुमच्याकडे हत्ती घरात बांधतात का, याचं उत्तर मास्तरांनीच द्यायचं. तुमच्याकडे चाळीस कोटी माणसं, मग एवढेसे इंग्रज कसे राहतात, याचंही उत्तर मास्तरांनीच द्यायचं. पहिल्याचं उत्तर त्यांना येत होतं. मराठी बोलायला तर तिथे चिटपाखरू नव्हतं. तोंडाला गंज चढू नये म्हणून ते रोज सकाळी गल्लीतल्या भिस्त्याच्या गाढवाशी मराठीत बोलत. गाढव समंजस होतं. दीड वर्षात ते 'हो बाजूला, मुडद्या' एवढं मराठी शिकलं, आणि मास्तरांनी तसं घरी पत्रातही कळवलं.

सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला मास्तरांनी वर्गात मिठाई वाटली. प्राध्यापकांनी उठून हात मिळवला. खोलीत लाहोरचा एक सोबती होता. दोघे दोन वर्षं एका चुलीवर जेवलेले. चौदा तारखेपासून तो निराळ्या देशाचा झाला होता. दोघे आधी गळ्यात गळा घालून रडले आणि मग रीतसर भांडले. वाटणी झाली. स्टोव्ह हिंदुस्थानकडे आला, पातेलं पाकिस्तानकडे गेलं. दोन दिवस दोन्ही राष्ट्रं पावावर राहिली. तिसऱ्या दिवशी लाहोरकर पातेलं घेऊन गुपचूप स्टोव्हशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "डाळ टाक." मास्तरांनी टाकली. पुढचा इतिहास तसा झाला नाही, हा त्या दोघांचा दोष नव्हे.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात अभ्यास पुरा झाला. मास्तर बोटीत बसले. कराची येता येता त्यांना विषमज्वर झाला. कप्तानाने त्यांना तिथल्या इस्पितळात उतरवलं आणि बोट पुढे निघून गेली. मास्तर पंचवीस दिवस खाटेवर होते. तेवढ्यात सरकारने नवा कायदा केला, की पाकिस्तानातून हिंदुस्थानात येणाऱ्याला परवाना पाहिजे. अंगात ताप नसताना, पण पायांत बळही नसताना मास्तर परवान्याच्या रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पत्ता?" मास्तरांना वाटलं, सध्याचा विचारतोय. ते म्हणाले, "सरकारी इस्पितळ, वॉर्ड चार, खाट अकरा." कारकुनाने ते लिहून घेतलं. परवान्यावर एक महिन्याची मुदत पडली. मास्तर मुंबईला उतरले, तिथून नगरला आले, आणि आईच्या गळ्यात पडताना त्यांना वाटलं की आपण घरी आलो.

तसं नव्हतं. ते कचेरीत काकासाहेबांनी समजावलं.

काकासाहेब परदेशी लोकांच्या नोंदीचं काम पाहत. माणूस वाईट नव्हता. कागदावर असेल तेवढंच खरं, बाकी जगाबद्दल आपलं काही मत नाही, असा त्यांचा स्वभाव होता. त्यांनी आधी परवाना वाचला, मग मास्तरांकडे पाहिलं.

"कायमचा पत्ता, कराची. वॉर्ड चार, खाट अकरा," काकासाहेब म्हणाले. "आणि इथे किती दिवस मुक्काम?"

"मुक्काम कसला? मी इथलाच आहे," मास्तर म्हणाले.

"इथे तर खाट अकरा लिहिलंय."

"ती इस्पितळातली खाट. तिच्यावर आता दुसरा कोणी असेल."

"ते आम्हाला कसं कळणार? मुदत वीस सप्टेंबरला संपते. त्याच्या आत परत जायचं."

मास्तरांनी मोठ्या विश्वासाने पासपोर्ट काढून पुढे ठेवला. मुंबईत काढलेला, निळा, वर राजाची मुद्रा. काकासाहेबांनी तो उलटसुलट पाहिला. "हा ब्रिटिश हिंदुस्थानचा आहे."

"म्हणजे आपलाच."

"या नावाचा देश आता नाही, मास्तर. बरखास्त झाला. बरखास्त देशाचा पासपोर्ट मी कसा धरू? हा परवाना ताजा आहे. हा धरतो." आणि त्यांनी तो धरला. रजिस्टर उघडून 'राष्ट्रीयत्व' या रकान्यात त्यांनी शिसपेनने 'पाक.' लिहिलं. मास्तरांचा चेहरा पाहून म्हणाले, "कच्चं लिहिलंय. पुरावा आणा, खोडतो."

ज्या शब्दासाठी तीन वर्षं छाती रुंद केली होती, त्याच्या जागी शिसपेनीचं 'पाक.' येऊन बसलं होतं.

केडगावात बातमी सायकलीच्या आधी पोचली. संध्याकाळी शेजारी जमले. शेजारी संकटात धावून येतात ते मदतीला, असा एक समज आहे. खरं तर ते सल्ला द्यायला येतात. पहिला सल्ला कारभारी गवळ्याचा. हा शेजारच्या गोठ्यातला, मास्तरांच्या लग्नात दुधाची घागर फुकट देणारा, मनाने सरळ माणूस.

"मास्तर, माजं ऐका. तुमी लई दाढी वाढिवली तिकडं. साहेब बगतो आन् बिचकतो. ती काडा. तुमी पयल्यासारकं दिसाया लागलं की समदं पयल्यासारकं हुतंय."

दुसरा सल्ला श्रीमंत बेलिफाचा. श्रीमंत हे नाव. पेन्शन बेलिफाची. कोर्टात तीस वर्षं नोटिसा चिकटवल्यामुळे त्यांना कायदा तोंडपाठ होता, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. ते म्हणाले, "कायद्याने पाहता तुम्ही कराचीला जाऊन, तिथे अर्ज देऊन, परवाना दुरुस्त करून आणा. मग प्रश्नच मिटला."

"पण गेलो तर परत येऊ देतील का?" मास्तरांच्या बायकोने, सरवरीने, दाराआडून विचारलं.

श्रीमंतांनी डोळे मिटून विचार केला. "तो निराळा मुद्दा आहे," ते म्हणाले.

साळूबाईने, म्हणजे कारभाऱ्याच्या बायकोने, नवस सुचवला. त्या सगळ्यांत तोच एक निरुपद्रवी होता.

मास्तरांनी दाढी काढली. अशक्तपणामुळे गाल आत गेले होते, ते आता उघडे पडले. दुसऱ्या दिवशी ते काकासाहेबांसमोर उभे राहिले, तर काकासाहेब परवान्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा बराच वेळ ताडून पाहत बसले.

"हा फोटो दाढीवाल्या इसमाचा आहे."

"तो मीच आहे."

"तुमचा चेहरा तसं म्हणत नाही. काल आला होता तो इसम कुठे आहे?"

मास्तरांची अवस्था अशी झाली, की कालपर्यंत निदान ते पाकिस्तानी तरी होते. आज तेही सिद्ध होईना. दाढी पुन्हा दिसण्याइतकी वाढेपर्यंत आठ दिवस गेले. मुदत दाढीसाठी थांबली नाही.

मग साहेबांकडे सुनावणी झाली. साहेब तरुण होते, नवीन होते आणि चलाख होते. या तिन्ही गोष्टी एका माणसात आल्या की समोरच्याचं कठीण होतं.

"तुम्ही इथलेच म्हणता. मराठी बोला पाहू," साहेब म्हणाले.

"मी मघापासून मराठीतच बोलतो आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "माझं बालपण पारनेरास गेलं, शालेय शिक्षण तेथेच मराठी शाळेत झालं, आणि तदनंतर..."

साहेबांनी हात वर केला. "हे पुस्तकी आहे. शिकून आलेल्या माणसाचं मराठी असंच असतं."

मास्तर दुखावले. मातृभाषेसारखी भाषा, तिच्यावर कोणी बोट ठेवावं? ते जरा पुढे झुकले आणि थेट पारनेरच्या बाजारात शिरले. "आवो साहेब, ह्या तालुक्यात म्या चिचंच्या झाडावरनं पडलोय, हिरीत पवलोय, मास्तरचा मार खाल्लाय. आजून काय ऐकवू?"

साहेब कौतुकाने काकासाहेबांकडे वळले. "बघितलंत? प्रांतिक बोलीसुद्धा. तयारी पक्की आहे."

"साहेब, ही तयारी नव्हे."

"तुमच्या अर्जात तुम्हीच लिहिलंय. फारसी, अरबी, उर्दू, इंग्रजी, थोडी फ्रेंच. पाच भाषा शिकलेल्या माणसाला सहावी शिकायला कितीसा वेळ लागतो?"

 भाषा शिकण्यात उभी हयात घालवावी आणि त्यातली जी एक शिकावी लागली नाही, तीच शिकलेली ठरावी. मुकं राहावं तर परका, बोलावं तर तयार केलेला. तेहरानातलं ते गाढव इथे आलं असतं, तर त्याच्या एका वाक्यावर साहेबांचा जास्त विश्वास बसला असता, असं मास्तरांना त्या क्षणी वाटून गेलं.

"जन्माचा पुरावा आणा," साहेब म्हणाले. "लेखी."

मास्तर सर्व्हिस मोटारीने पारनेरला गेले. सुप्याला मोटार बिघडली, तेव्हा शेवटचा टप्पा बैलगाडीने केला. गावच्या दप्तरात एकतीस वर्षांपूर्वीची वही होती. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण नोंदी शाबूत होत्या. त्या काळी जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव लिहीत नसत. बारशाआधीच नोंद व्हायची, मग नाव कुठलं? वहीत होतं: 'बाबाजान अत्तार यांस मुलगा.' मास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला. पण दोन वर्षं आधीचं पान उलटलं, तर त्यावरही 'बाबाजान अत्तार यांस मुलगा.' आणि अठरा सालच्या मानमोडीच्या साथीतल्या मृत्यूंत तिसरी नोंद होती: 'बाबाजान अत्तार यांचा मुलगा, ताप.' वय लिहिलेला कोपरा वाळवीने नेमका खाल्लेला.

थोरला भाऊ साथीत गेला होता. मास्तरांना तो आठवतही नव्हता. ती नक्कल घेऊन ते नगरला आले. काकासाहेबांनी तीनदा वाचली.

"मुलगे दोन. मेला एक. कोणता मेला?"

"मी जिवंत आहे, काकासाहेब."

"अर्जदार जिवंत आहे ते दिसतंच आहे. पण तो बाबाजानचा मुलगा आहे, हे यात कुठे आहे? कदाचित एक मुलगा साथीत गेला आणि दुसरा कुठे दूर. तुम्ही तिसरेच कोणी." मग आवाज उतरवून म्हणाले, "माझं मत नाही हे. साहेब विचारतील ते सांगतो. जन्माच्या वेळी हजर असलेला साक्षीदार आणा. नात्यातला नको."

म्हणजे आईची साक्ष बाद. इमामबीला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात तसाच काटवटीत ठेवून म्हणाली, "मैं नात्याची? तो फिर पैदा किसने किया इसको, काकासाहेबाने?" आणि पुढचा उंडा काटवटीत आपटला.

याच दिवसांत निजामाच्या हद्दीवर फौज गेली. नगरच्या रस्त्यावरून लष्करी गाड्या धडधडत पूर्वेकडे जात. हद्दीपलीकडच्या रझाकारांच्या गोष्टी गावात रोज नव्या येत. एक शिपाई मास्तरांच्या दाराशी येऊन, घरात माणसं किती, रेडिओ आहे का, विचारून गेला. फारसीच्या हस्तलिखितांची पेटी उघडून त्याने अक्षरं पाहिली, आणि ती कसली ते न विचारता तिच्यावर मोहोर लावली. तीन वर्षांचं काम आत राहिलं. त्या चार दिवसांत कारभारी दूध घालायला आला नाही. पाचव्या दिवशी साळूबाई आली, खाली बघत भांडं भरलं आणि म्हणाली, "म्हस आटली हुती." म्हैस आदल्याच महिन्यात व्यालेली. सरवरी "असं होतं कधी कधी," एवढंच म्हणाली. मास्तर आत ऐकत होते. साहेबांनी पाकिस्तानी म्हटलं त्याचा त्यांना राग आला होता. म्हशीचं ऐकून राग आला नाही. पाट रिकामा ठेवून ते तसेच उठले आणि उपाशी कचेरीत गेले.

मुदतीला तीन दिवस उरले. अखेर जन्माला हजर असलेलं एक माणूस हाती लागलं. पारनेरची लंकाबाई सुईण. पंचाहत्तरीची, कमरेत वाकलेली, एका डोळ्याने अधू. निम्म्या पारनेरला तिने हातावर झेललं होतं, त्यामुळे निम्म्या पारनेरला ती 'आरं-कारं' करायची. मास्तर न्यायला गेले, तेव्हा तिने फक्त विचारलं, "मोटारीत बसवशील ना रं? म्या कदी बसले न्हाई."

कचेरीत तिला खुर्ची दिली. ती खुर्ची सोडून जमिनीवर बसली. साहेबांनी विचारलं, "आजी, हा इसम कोण?"

"अजीज. इमामबीचं धाकलं."

"कशावरून?"

"म्या वडून काडलाय ह्याला. पायाळू हुता. लई तरास दिला त्याच्या आयेला."

"साल कोणतं?"

"साल मला काय ठावं? मानमोडी आली, त्येच्या आदल्या पावसाळ्यात."

"थोरला मुलगा गेला की धाकटा, हे कसं सांगणार? तीस वर्षांनी ओळखणार कसं?"

लंकाबाईने साहेबांकडे चांगल्या डोळ्याने पाहिलं. लहान पोर मूर्खासारखं बोललं की मोठी माणसं पाहतात तसं. "ह्येला म्हैनाभराचा आसताना पोटफुगी झाल्ती. म्या बिब्ब्याच्या तीन फुल्या घातल्या, बेंबीच्या डाव्या अंगाला. थोरल्याला न्हाई घातल्या. वर कर रं सदरा."

मास्तर एम.ए. होते. तेहरानच्या पंडितांपुढे त्यांनी निबंध वाचला होता. खोलीत साहेब, काकासाहेब, दोन शिपाई आणि दारातून डोकावणारी चार-पाच माणसं होती.

"वर कर म्हनते ना," लंकाबाई म्हणाली.

मास्तरांनी शेरवानीची बटणं काढली, सदरा वर केला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभे राहिले. साहेब खुर्चीतून पुढे वाकले. फुल्या होत्या. तीन. काकासाहेबांनी लिहिलं: 'अर्जदाराच्या पोटावर डाव्या बाजूस फुल्या तीन, समक्ष पाहिल्या.' मग रबर घेऊन शिसपेनीचं 'पाक.' खोडलं आणि शाईची लेखणी उचलली.

"राष्ट्रीयत्व?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मास्तरांना तीन वर्षं रोज पडत होता आणि उत्तर जिभेवर तयार असे. महिनाभर तर ते हेच एक उत्तर दारोदार घेऊन फिरत होते. आज तोंड उघडलं, तर शब्द येईना. सदरा अजून अर्धा वरच होता.

"अर्जदाराने स्वतः सांगायला लागतं," काकासाहेब म्हणाले.

"तुम्हीच लिहा काय ते," मास्तर हळू म्हणाले. "तुम्हाला जास्त माहीत आहे."

 काकासाहेबांनी 'हिंदी' असं लिहिलं, टिपकागद दाबला आणि कागदावर शिक्का मारला. "एक वर्षापुरता आहे. पुढल्या वर्षी याच सुमारास या. साक्षीदारासह."

लंकाबाई काठी टेकून उठली होती, ती पुन्हा बसली. "पुढल्या वर्साला म्या हाय का न्हाई कुनी सांगावं. बाबा, आत्ताच पुढचंबी लिवून घे की. फुल्या काय बदलायच्या न्हाईत."

"तसा नियम नाही, आजी," काकासाहेब म्हणाले. ते तिच्याकडे पाहत नव्हते.

एक ओळीचा तो दाखला घेऊन मास्तर त्याच दुपारी हायस्कुलात गेले. लंकाबाई बाहेर पायरीवर बसली. हेडमास्तरांनी दाखला वाचला, छान झालं म्हणाले, आणि मग चष्मा पुसत बसले. महिन्याभरात शाळेच्या मंडळाने फारसीचा वर्ग बंद करायचं ठरवलं होतं. मुलंच राहिली नव्हती. "तुम्हाला भूगोल शिकवता येईल का?" त्यांनी विचारलं. "आठवीचा. आपला देश, सीमा, शेजारी राष्ट्रं, असं." मास्तर हो म्हणाले. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

लंकाबाईला पारनेरला पोचवायचं होतं. मोटार केडगाव ओलांडून पुण्याच्या रस्त्याला लागली. खिडकीशी बसून म्हातारी मागे पळणाऱ्या बाभळी पाहत होती.  बरंच अंतर गेल्यावर तिने विचारलं, "अजीज, तू त्या परमुलकात हुतास. तिकडं तुला कुनी इचारायचं का रं, कुठला म्हून?"

"रोज इचारायचे, मावशी."

"मग तू काय सांगायचास?"

"हिंदुस्थानचा म्हणायचो."

"आन् त्येंनी कागुद मागितला?"

"न्हाई. लगेच मानायचे."

लंकाबाईने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागली.

"भली मानसं म्हनायची," ती म्हणाली.